खाली चक्की असलेलं घर

ऑर्डर मस्कतहून आली, रात्री पावणेबाराला.
मम्मीला पंचाहत्तर पूर्ण, सरप्राईज हवं,
रोझ गोल्ड आणि पांढरा, सहा फुटी कमान,
सात आणि पाच फॉइलचे, बत्तीस इंची.
पत्ता: मरोळ गावठाण, क्रुसामागची गल्ली,
खाली चक्की असलेलं घर.
पैसे लगेच आले. नाव ग्लेनिस.

शंभराच्या पाकिटात सात-आठ फुगे
फुटकेच निघतात,
ते धरूनच मी भाव सांगतो.
हेलियम परवडत नाही.
आमचे फुगे तरंगत नाहीत,
टेपला, दोऱ्याला, खिळ्याला धरून असतात.
फोटोत मात्र
तरंगल्यासारखे दिसतात.

दार फिलोमिनाबाईंनी उघडलं.
गाऊन, खांद्यावर टॉवेल, हातात सुरी,
बोंबील साफ करत होत्या.
"लग्न कोणाचं?"
तुमचाच वाढदिवस, म्हणालो.
"तो गुरुवारी."
गुरुवारच होता.

मी पंप लावला.
त्या मोड्यावर बसून बघत राहिल्या,
माशाचा हात हवेत तसाच धरून.
"तोंडाने नाही फुगवत?"
दीडशे आहेत, मावशी.
"हां," म्हणाल्या, "दीडशे म्हणजे फार."

मग आत गेल्या आणि बिस्किटांचा डबा घेऊन आल्या.
आत दहा-अकरा फुगे, जत्रेतले, स्वस्तातले,
ताणून ताणून सैल पडलेले.
"डॉक्टरने सांगितलंय. रोज दहा वेळा.
माझ्या छातीत पीठ आहे म्हणतो."
चाळीस वर्षं खालची चक्की नवऱ्याबरोबर चालवलेली.
ती बंद होऊन नऊ झाली,
तो जाऊन सात.

पिवळा उचलला. पुसला. ओठांत धरला.
लिंबाएवढा झाला.
थांबल्या, मान चिमटीत घट्ट.
पुन्हा.
मोसंब्याएवढा.
मग खोकला, बराच वेळ,
पण चिमूट सुटली नाही.
"कालच्यापेक्षा मोठा," म्हणाल्या,
आणि माझ्याकडे दिला, गाठ मारायला.

माझ्याकडे एक पुठ्ठा आहे, मधोमध गोल भोक पाडलेला.
प्रत्येक फुगा त्याला टेकवून बघतो,
कडेला घासला तरच कमानीत.
हा त्यातून पडला असता सरळ खाली.
तरी लावला.
सात आणि पाचच्या मधे, जिथे जागा राहते.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल.
केक, शेजारची मुलं, टाळ्या.
पडद्यातून ग्लेनिस म्हणाली,
"दादा, तो पिवळा कुठून आला?
मॅच नाही होत, काढा ना."
मी शिडीवर एक पाय ठेवला.
"राहू दे," फिलोमिनाबाई म्हणाल्या,
"तो माझा आहे."
नेटवर्क अडकलं की ती गप्प झाली,
कळलं नाही.

स्टँड न्यायला गेलो आठव्या दिवशी.
कमान खांद्यातून ढिली पडलेली,
पाच गळून सोफ्यावर,
सात अजून भिंतीला, पण कंबरेत वाकलेला.
"यांच्यातली हवा कोणाची रे?"
पंपाची.
"मग फोड."
मुलांना हाक मारली त्यांनीच.
टाचण्या, पेन्सिली, एकाने तर दातांनी.
गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

पिवळा त्यांनी आधीच काढून घेतला होता.
आता जेमतेम लिंबू,
वर बारीक सुरकुत्या.
गाठ मी मारलेली, घट्ट.
सुरीच्या टोकाने नखाएवढी सोडवत
किती वेळ बसल्या,
मी दोन फोन घेतले तेवढ्यात.
सुटली तेव्हा तोंड स्वतःकडे केलं,
डोळे मिटले,
कपाळावरचे चार केस हलले.

मग फुगा गाऊनला पुसला
आणि पुन्हा ओठांत धरला.

मी स्टँड खांद्यावर घेतला,
डिपॉझिटचे पाचशे मस्कतला परत केले.
अंधेरीत सहाला बारसं होतं, निळ्या रंगाचं.
जिना उतरताना तोल गेला, कठडा धरला.
खाली येऊन पाहिलं
तर तळहात पांढरा.