थंड भाडं

ऋजुता सांगते, बाबा, इथे भाडं दोन प्रकारचं असतं,
थंड आणि गरम.
थंड म्हणजे नुसत्या भिंती.
हीटर, पाणी, जिन्याची झाडलोट धरली की गरम.
मी म्हटलं, आमच्या मुलुंडात सगळंच गरम,
वर दर अकरा महिन्यांनी उकळी.
ती हसली. मग आवाज अडकला.
नेटवर्क की आणखी काही, विचारलं नाही.

लाइपझिगमधलं हे सतरावं घर.
सव्वीस वर्षं मी लोकांना घरं दाखवतोय,
चावीवाल्या हुसेनच्या टपरीला लागून एक टेबल, दोन खुर्च्या,
त्यातली एक पार्टीसाठी.
म्हणून तिला निघतानाच शिकवून ठेवलेलं:
कपाट सरकवून मागची भिंत चाचप,
फ्लश ओढ, नळ पूर्ण सोड,
उदबत्तीचा वास आला तर समज, ओल आहे.
ती म्हणते, बाबा, नळच नव्हता.
आधीचा भाडेकरू ओटा घेऊन गेला.
सिंक, शेगडी, छताचा दिवासुद्धा.
भिंतीतून दोन पाइप बाहेर, तोंडाला बुचं,
ते स्वयंपाकघर.
आणि जिन्यात चाळीस माणसं फायली घेऊन.
घर बघायला नाही, बाबा.
घराला दाखवायला.

फाइलीत पगाराच्या तीन पावत्या,
कर्ज थकलं नसल्याचा दाखला,
जुन्या मालकाचं पत्र की हिने काही बुडवलं नाही.
दाखल्याला पत्ता लागतो,
पत्त्याला घर,
घराला दाखला.
हे ऐकून मला जरा आपल्याकडच्यासारखं वाटलं.

शिवाय एक पत्र, स्वतःबद्दल.
रात्री दीडला फोनवर आम्ही दोघांनी ते मराठीत जुळवलं,
जर्मन ती करणार होती.
मी शांत आहे. पाहुणे फार येत नाहीत.
रविवारी भिंतीत खिळा ठोकणार नाही.
मग म्हणाली, लिहू का,
फोडणी देत नाही म्हणून?
मी गप्प.
आतून तिची आई ओरडली, लिही गं.
आधी घर मिळू दे, मग दे फोडणी.

आणि तिथे म्हणे फ्लॅटला नंबरच नसतो.
ना बी विंग, ना चारशे दोन.
खाली घंटीवर आडनाव, टपालपेटीवर आडनाव.
ते नसेल तर पत्र परत जातं,
आत माणूस राहत असला तरी.
आमचं कुंभवडेकर. बोटभर पट्टीत मावायचं कसं?
मी म्हटलं, पोरी, आडनाव बघून घर, हे मला नवीन नाही.
बोलून गेलो
आणि समोरची वही दिसली.

पंधरा दिवसांपूर्वीचं पान.
लालरिनपुई, मिझोरम, हॉस्पिटलात नर्स, एकटी.
पुढे पेन्सिलीत माझंच अक्षर: सुकी मासळी. सोसायटी नाही म्हणेल.
तिला सांगितलेलं, कालच गेला हो फ्लॅट.
फ्लॅट अजून आहे. चावी हुकावर, निळी दोरी.
उठताना तिने खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली होती,
इतक्या हळू
की मला उगाच राग आला होता तिचा.

सतरावंही गेलं.
कळवतो म्हणाले. कळवतो म्हणजे गेलंच,
हे वाक्य मी स्वतः रोज वापरतो.

आज दुपारी कोणी फिरकलं नाही.
लालरिनपुईचा नंबर लावला.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
मालक ऐकेल न ऐकेल, सेक्रेटरी तर नाहीच,
ऐकला तरी डिपॉझिट वाढवून मागेल.
रिंग वाजत राहिली.
उचलला तेव्हा मागे ट्रॉलीची चाकं.
मॅडम, म्हटलं, एक घर आहे.
ओटा आहे. नळ आहे. दिवा आहे.
पुढे काय सांगावं सुचेना,
तर पुन्हा म्हटलं,
ओटा आहे.