कितवा मजला

एका वर्षासाठी एक शहर निवडायचं आहे.
लिस्बन, मॉन्ट्रियल किंवा ओसाका.
जुने गालिचे रफू करायला शिकवणारी संस्था म्हणते,
पगार आम्ही देतो, शहर तुम्ही कळवा,
तेवीस तारखेच्या आत.

मी वहीत रकाने आखलेत.
भाडं. भाषा. समुद्र.
ग्युमरीला समुद्र नाही,
म्हणून तो रकाना जरा रुंद.

शेजारचे मुकुचकाका न्हावी आहेत.
म्हणाले, पोरी, समुद्र कसला बघतेस, न्हावी बघ.
वर्षातून बारा वेळा
मान त्याच्या वस्तऱ्याखाली द्यायची आहे.

आई बटाटे सोलता सोलता ऐकते.
तिचा प्रश्न एकच, तिन्ही शहरांना तोच:
कितवा मजला?

लिस्बनला चौथा, पण खिडकीतून नदी दिसते.
मॉन्ट्रियलला अकरावा. लिफ्ट आहे, आई.
लिफ्ट, म्हणते ती,
आणि सुरी बटाट्यातच थांबते.

माझ्या जन्माच्या सहा वर्षं आधी,
डिसेंबरात, सकाळी अकरा एक्केचाळीसला,
आमच्या गावाची भुई हलली.
आई खाली होती. बाकीचे वर होते.
वर कोण कोण, ते ती नावानं सांगत नाही,
आकड्यानं सांगते: तीन.

मग तिला पत्र्याची खोली मिळाली.
दोन वर्षांपुरती, असं सांगून.
त्याच खोलीत पुढे माझे बाबा आले, मी आले,
बाबा गेले,
पत्र्याला चार वेळा रंग झाला,
आणि तिथेच शेगडीपाशी बसून
मी हे रकाने आखते आहे.

फोन लाव, म्हणाली आई. मी विचारते.
मधे मी, माझं मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन.

लिस्बनचे घरमालक मनमोकळं हसले:
भूकंप? अहो, त्याला पावणेतीनशे वर्षं होत आली!
आई मला म्हणाली, विसरलेत.
मॉन्ट्रियलहून लिफ्टच्या तपासणीचा दाखला आला,
शिक्क्यासकट. आईनं तो दिव्याखाली धरून पाहिला,
परत दिला.

ओसाकाला मोरिवाकीबाईंनी फोन उचलला.
एकेक शब्द पाटावर मांडावा तशा बोलत होत्या.
खोली दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या चौदा.
कपाट भिंतीला स्क्रूनं जखडलंय.
बूट पलंगाखाली ठेवायचे, दाराशी नाही,
रात्री काचा पडल्या तर पायात हवेत.
गल्लीच्या टोकाला शाळेचं मैदान,
तुमच्या पायांनी चार मिनिटं,
माझ्या पायांनी नऊ.

मग जराशा थांबल्या आणि विचारलं,
तुमच्या आई कितव्या मजल्यावर होत्या?

मी काही सांगितलं नव्हतं.
एवढंसं वाक्य, पण आर्मेनियनमध्ये आणायला
मला फार वेळ लागला.

नववा, म्हणाली आई.
सांग तिला, नववा.
मीठ संपलं होतं म्हणून खाली उतरले होते.

मीठ.
तीस वर्षं हिच्याच हातचं जेवतेय मी,
आणि हे आज ऐकत होते,
तेही दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हणून.

पलीकडे मोरिवाकीबाई गप्प.
अलीकडे आई गप्प.
दोघींच्या मधे मी फोन धरून,
भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.

तिथे जा, म्हणाली आई, सुरी उचलत.
पण तिथली जमीन हलते, आई. लिस्बनपेक्षाही जास्त.
हलू दे. त्या बाईला माहीत आहे.

रात्री अर्ज भरला.
शहर: ओसाका.
मुदत: एक वर्ष.
आईनं चष्मा लावून शेवटची ओळ वाचली
आणि बोट त्यावरच ठेवलं.
नुसतं वर्ष नको, म्हणाली, तारीख घाल.
परतायची तारीख.
आम्हाला कुणी लिहून दिली नव्हती.

मी तारीख घातली.
तिनं ती दोनदा वाचून घेतली,
मग कपाटाकडे पाहिलं,
पत्र्याला टेकून उभ्या असलेल्या आमच्या कपाटाकडे,
आणि म्हणाली,
मुकुचकडे स्क्रू असतील का गं?