तार सोसेल तेवढंच

मुर्मानने गिलावा खरवडला, आतल्या तारेचं टोक
दिव्याखाली धरलं, आणि म्हणाला, ॲल्युमिनियम.
डॉक्टर म्हणतो ना, साखर. तसं.

मी तेओनाची चिठ्ठी पुढे केली.
बारीहून पैसे पाठवताना तिने लिहिलेलं:
आई, सगळ्यात मोठा ब्रेकर घे, चाळीसचा,
म्हणजे हीटर लावताना तुला विचार करावा लागणार नाही.

चाळीसचा बसवला तर, मुर्मान म्हणाला,
भिंत पेटेल आणि तो बघत राहील.
हे बघ त्सियाला, हा हीटरचा राखणदार नव्हे,
तारेचा आहे. तार सोसेल तेवढंच याने सोसायचं.

मला तो हिवाळा आठवला.
चियातुरात वीज रात्री दोन तास यायची,
त्या दोन तासांत अख्खी गल्ली हीटर लावायची
आणि आमचा चिनीमातीचा फ्यूज रोज उडायचा.
गुरामने त्यात खिळा घातला.
आठवडाभर उजेड हलला नाही.
आम्ही त्याला हुशार म्हणालो.
आठव्या रात्री घरभर मासा करपल्याचा वास.
घरात मासा नव्हता. वर्षभर नव्हता.
त्या काळ्या डागावर मी कॅलेंडर लावलं,
तीस कॅलेंडरं झाली, खिळा तोच आहे.

रुसुदानच्या दुकानात मुर्मान
एकेक ब्रेकर तळहातावर तोलायचा,
खटका खालीवर करून कान लावायचा,
कलिंगड वाजवून घ्यावं तसा.
जुन्या भिंतीला दहाचा, बस.
स्वयंपाकघरात नवं तांबं ओढू, तिथे सोळा.
विहिरीच्या पंपाला सी जातीचा,
पंप उठताना आरडाओरडा करतो,
तेवढं मनावर न घेणारा.
आणि हा रुंद, बटणवाला, सगळ्यात महाग.

हा काय करतो?
हिशेब. जेवढी वीज गेली तेवढी परत आली का.
अँपिअरचे तीस हजारांश कमी पडले
की समजतो, कुणाच्या तरी अंगातून वाट फुटली.
मग तोडतो. विचारत नाही.

मी म्हटलं, माझ्या घरातून गेलेलं
कधी पुरतं परत आलं नाही रे,
तुझं हे यंत्र दिवसभर पडूनच राहील.
मुर्मान हसला नाही.
म्हणाला, आधी जमिनीत सळई ठोकू.

तेंदूसारख्या त्या केशरी फळांच्या झाडाखाली
मीटरभर आत गेली आणि दगड लागला.
उपटली. चार पावलांवर पुन्हा.
संध्याकाळपर्यंत घण आणि त्याचा खोकला
आळीपाळीने ऐकू येत होते.

काल रात्री तेओना फोनच्या पडद्यावर होती.
खोलीत हीटर, वर मी इस्त्री लावलेली.
तिच्या म्हातारीला आज कसं अंघोळीला उठवलं
ते सांगत होती, हसत होती, आणि
खट.

अंधार. वाय-फायसकट तिचा चेहरा गेला.
मी भिंतीला हात लावून पाहिला. गार.
इस्त्रीची पिन काढली, खटका वर केला.
पेटीचं झाकण लावायला विसरले,
अजून उघडंच आहे.

आई, काय झालं?
काही नाही गं. दहाचे दहा झाले होते.
मग मीच विचारलं,
तू तिकडे रोज किती तास उभी असतेस?
खरं सांग.