सुंदरी, हाफ प्लेट

क्यूआरचं स्टिकर सावजीत टिकत नाही.
तेलाचा हात लागतो, कोपरा उचलतो,
दोन दिवसांत पोट्टे सोलून टाकतात.
म्हणून मी नंदनवार पेंटरकाकांना बोलावलं,
ज्यांनी अठ्ठ्याऐंशी साली
आमच्या भोजनालयाची पाटी रंगवली होती,
'सुंदरी'च्या वेलांटीला मिशीसारखा पीळ देऊन.

ती पाटी गेल्या दिवाळीत उतरवली. मीच.

काका चष्मा पुसून कागद बघत राहिले.
"यात वाचाचं काय, बाई?"
म्हटलं, आपण नाही वाचायचं. फोन वाचतो.
"मंग मले काऊन बोलावलं?"
तरी त्यांनी खडूची दोरी ताणली,
भिंतीवर टण्‌टण्‌ रेघा सोडल्या,
एकोणतीस घरं आडवी, एकोणतीस उभी.
"हा तं तुह्या आज्याच्या मागावरचा कागद हाय.
लुगड्याचा काठ असाच घरं मोजून उतरवे तो."
आजोबांचा माग मी पाहिलेला नाही.
त्या जागेवर पार्सलचे डबे रचलेत.

तीन दिवस लागले.
माझं चालूच होतं मधे:
रिंगलाइट लावून रश्श्याचा फोटो,
तर्रीत एक पांढरी बांगडी तरंगते,
ती पुसायची, लाल थोडा वाढवायचा.
धरमपेठेतून कोणी लिहितं, 'फार तिखट', दोन तारे.
"सावजीत काय पेढे पाहिजे होते का बे त्याले?"
बाबा फोनलाच विचारतात.
दाराशी हेल्मेट घातलेली पोरं
उभ्याउभ्या वास घेतात आणि डबा घेऊन निघतात.

मेनूचं इंग्रजी फोननंच केलं, मी तपासलं नाही.
बोकडाचं आतडं झालं
ब्युटिफुल लेडी, हाफ प्लेट, एकशे चाळीस.
हैदराबादच्या एका गिऱ्हाइकानं
घाबरून अंडाकरी मागवली.

चौथ्या दिवशी भिंतीसमोर फोन धरला.
गप्प.
पुन्हा धरला.
काकांनी कोपऱ्यातल्या तिन्ही चौकोनांना
खालून सावली दिली होती,
अक्षरांना देत तशी.
पांढऱ्या रंगानं त्यांनी ती बुजवली, मान न वळवता.
मग टिंग्‌ वाजलं.

ते गेल्यावर दिसलं, उजवीकडे खाली
एका काळ्या घरात, केसाएवढ्या ब्रशनं:
हे. नंदनवार, पाचपावली.
फोन तिथं अडत नाही.
नाव ओलांडून सरळ रश्श्यावर जातो.

सुंदरीचं इंग्रजी अजून दुरुस्त करायचंय.
बाबा म्हणतात, राहू दे,
खपून राहिली.