पेल्याच्या पायातलं

पुण्याहून ऑर्डर आली, पाचशे कड्या.
एकीत सात मणी, एक घुंगरू.
सहा-सहाची डबी, वर सोनेरी रिबीन,
दिवाळीची भेट म्हणून.

"कानातलं हाय का वो मॅडम?
मंग जोडी काऊन नाई?" बेबीनंदाला कोडं.
मॅडमनं फोटो दाखवला:
काचेचा उंच पेला, बगळ्यासारखा एका पायावर,
त्या पायात आपली कडी.
वाइनच्या पार्टीत कोणाचा पेला कोणता
ते कळावं म्हणून.

समाजमंदिराच्या ओट्यावर हशा झाला,
अन् अर्ध्यातच थांबला.
सगळ्यांनी वच्छला मरसकोल्हेकडं पाहिलं.

हिनंच नाल्याकाठची मोहाची भट्टी
कुऱ्हाडीच्या तुंब्यानं फोडली होती.
उकळत्या सडव्याचा डाग
मनगटापासून कोपरापर्यंत अजून आहे.

वच्छलाबाईनं चष्मा पुसला.
"कडीमागं किती?"
"सहा रुपये."
तार उचलली, पहिला मणी ओवला,
मग दुसरा.
"आमच्या घरी असं काई लागलंच नाई," ती म्हणाली,
"पेला एकच होता,
अन् पेनाराबी एकच."

कोणी बोललं नाही. मणी तेवढे वाजत राहिले.

पाचशे भरल्या, एक जास्तीची झाली.
ती तिनं दोऱ्यात ओवून
बकरीच्या पिलाच्या गळ्यात बांधली.
आता दिवस बुडताना कळप येतो,
धुळीत सगळी पिलं सारखीच.
ती चुलीपासून उठत नाही,
नुसती कान देते.