उजवी बाजू

सात वर्षांची होती, तेव्हा आली होती माझ्या टेबलावर.
ताप, लघवीला जळजळ.
पोटावर जेल लावलं तर गार म्हणून किंचाळली.
मी लिहिलं:
डावं मूत्रपिंड आकाराने मोठं.
उजवं दिसत नाही.
पुढे पूर्णविराम दिला,
कारण बाकावर अजून अकरा जण होते
आणि आर्वाइखेरच्या इस्पितळात मशीन एकच.

एकावरही माणसं नव्वदी गाठतात,
म्हणाले तिच्या आईला.
खोटं नव्हतं ते.

खुलान आता तेरा वर्षांची.
पाळी येते, वेळेवर येते,
म्हणून कोणी काही शोधलं नाही.
वसतिगृहातल्या नर्सने गरम पाण्याची बाटली दिली,
सगळ्याच मुलींचं दुखतं म्हणाली.
महिन्यागणिक कळ वाढली,
मग पाळी संपल्यावरही थांबेना.
जुलैत, भर शर्यतीत,
ही पोर घोड्यावरून आपणहून उतरली
आणि लगाम हातात धरून गवतात वाकून बसली.
तेव्हा कुठे बापाला पटलं.

पुन्हा तेच टेबल. जेल गारच.
या वेळी किंचाळली नाही.
पडद्यावर दोन गर्भाशयं,
भांडून पाठी फिरवून बसलेल्या बहिणींसारखी,
आणि उजवीच्या खाली
काळं, गोल, गच्च भरलेलं काहीतरी.
मी जुनी फाइल मागवली.
अक्षर माझंच होतं.

पोटात बाळ शेंगदाण्याएवढं असतं तेव्हा
दोन नळ्या दोन बाजूंनी खाली उतरतात,
भेटतात, मधली भिंत विरते, एक खोली होते.
त्यांना वाट दाखवणारा जो कोणी असतो
तोच जाता जाता मूत्रपिंडाचाही पाया घालतो.
खुलानच्या उजवीकडे तो आलाच नाही.
एक गोष्ट नाही म्हणजे दुसरी तपासा,
इतकं सोपं होतं.
सहा वर्षं सोपं होतं.

दुलमाला, तिच्या आईला, मी कागदावर काढून दाखवलं:
या दोन खोल्या. हिला दार आहे, हिला नाही.
रक्त दर महिन्याला येतं आणि आतच राहतं.
ती कागदाकडे बघत राहिली.
खोल्या?
तिचं घर नमद्याचं, गोल, दार एकच, दक्षिणेला.
मग तिने माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि दोन वळलेली शिंगं काढली.
मेंढीचं असंच असतं, म्हणाली.
हिवाळ्याआधी कापतो तेव्हा हातात धरलंय मी.
जुळी असली तर एक इकडे, एक तिकडे.
यात आजार कुठला?

त्या आजाराला तीन परकी नावं आहेत,
म्हणताना जीभ अडखळते.
मी ती सांगितली नाहीत.
म्हटलं, आजार नाही. दार राहिलंय.
मग करा, म्हणाली.

उलानबातरला जायला एक आख्खा दिवस.
शस्त्रक्रियेला चाळीस मिनिटं.
भिंत एवढीशी, दुधावरच्या सायीहून थोडी जाड.
कापली तशी काकवीसारखं बाहेर आलं,
दाट, काळपट,
दोन वाट्या भरून जुने महिने.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं,
मूल हवं असेल तेव्हा होईल, लक्ष ठेवावं लागेल इतकंच.
खुलानने ते विचारलंच नव्हतं.
तिला हवं होतं, घोड्यावर कधी बसू.
सहा आठवडे.
पाच होत नाहीत का?

परवा दुलमा येऊन गेली.
उंबरठ्याला पाय न लावता आत आली,
टेबलावर सुकवलेल्या दह्याचे खडे ठेवले,
माझे आभार मानले.
मी फाइलचं सांगणार होते.
खडा तोंडात धरून बसले, तो लवकर विरघळत नाही.

कपाटात अठरा वर्षांच्या फायली आहेत.
संध्याकाळी रोज थोड्या काढते,
मुलींच्या तेवढ्या वेगळ्या,
'दिसत नाही' वर बोट ठेवत जाते.
आतापर्यंत चार नावं.
तिघींशी बोलणं झालं.
एकीचा फोन लागत नाही.