सात नंबरचा घाणा

दीडशे रुपये माणशी, चहा त्यातच.
आम्ही अकरा जण वजनकाट्याच्या पत्र्यावर उभे,
आणि मन्मथप्पा म्हणतो, हलू नका, मोजलालो.
काटा कधीचाच मेलाय.
तरी तो खिडकीशी वाकून आकडा सांगतो:
सहा क्विंटल ऐंशी किलो, बारदाना वजा.
इथून लातूरचं जुनं तेल सुरू होतं.

ज्या आर्किटेक्ट बाईंनी ही फेरी काढली
त्यांनी त्याला टाइप केलेला कागद दिलाय.
औद्योगिक वारसा, पुनर्वापर, लोखंडी कैच्या.
कागद त्यानं चार घड्या घालून टोपीत ठेवलाय.
उन्हाचा बरा पडतो, म्हणतो.

हे बगा, हितं सरकीचं गोदाम.
आता मुलींचं वसतिगृह, भिंत गुलाबी,
खिडक्यांना जाळ्या, जाळ्यांवर ओढण्या.
बॉयलरच्या खोलीत झेरॉक्स.
डब्यांना डाग द्यायचे त्या पडवीत मेस,
एका महिन्याचे पैसे आगाऊ.
चिमणीवर नीटमध्ये पहिल्या आलेल्या पोराचा फोटो.
भूकंपानंतर तिचे वरचे दहा फूट उतरवले,
म्हणून पोराचं कपाळ मावलं नाही.

भिंतीला हात लावा, म्हणाला.
लावला. चैत्रात अजून घाम फुटतो तिला,
करडईचा.
चुना दिला, डिस्टेंपर दिला, गुडघ्यापर्यंत टाइल्स चढवल्या,
तेल फटींतून येतंच.
क्लासवाल्या सरांनी पुण्याहून माणूस आणला होता.
तो भिंतीचा वास घेऊन परत गेला.

सकाळी सगळ्यांनी ओळख करून दिली तेव्हा
मी एवढंच म्हणालो होतो, बँकेत असतो, सोलापूरला.
बाप याच वासाचा घरी यायचा,
त्याचा सदरा वेगळ्या बादलीत भिजायचा,
हे बोटं हुंगतानाही सांगितलं नाही.

मग मोठी शेड. आता अभ्यासिका.
शांतता राखा. चपला बाहेर. मोबाइल सायलेंट.
चौदा घाणे होते इथं, दोन रांगांत;
आता एकशेबारा कप्पे, प्रत्येकाला दिवा, पडदा, नंबर.
मन्मथप्पा एकतीस वर्षं सात नंबरवर.
डावा कान त्यातच पार गेला, उजवा अर्धा.
इथं आता कुजबुजायचं असतं,
आणि आपली कुजबुज केवढी, हे त्याला कळत नाही.
म्हणून आत तो बोलतच नाही.
मूठ गरगर फिरवतो: पट्टा.
पाची बोटं खाली सोडतो: पेंड.
सत्तेचाळीसमधला पोरगा मान वर करतो,
परत सेंद्रिय रसायनात.

तेवढ्यात पार पलीकडच्या टोकाला
फरशी पुसणारी बाई कंबर धरून सरळ झाली.
सुंद्राबाई, पूर्वी शेंगा निवडायला होती.
तिनं ओठ हलवले. आवाज नाही.
मन्मथप्पानं ओठ हलवले.
अख्खी शेड ओलांडून, एकशेबारा डोक्यांवरून
ते बोलत राहिले,
घाण्यांच्या गदारोळात शिकलेली ती बोली,
ओठ रुंद, भुवया वर, मधेच तिचं हसू,
त्यावर त्याचं कानाला हात लावणं.
एकाही पोराचं पान चुकलं नाही.

बाहेर चहा आला, कागदी कपात.
कुणी कैच्यांचे फोटो काढत होतं.
मी मन्मथप्पासमोर जाऊन उभा राहिलो
आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी,
बापाचं नाव घेतलं.

बिघडलेल्या बेअरिंगकडं बघावं
तसा तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
मग मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं:
‘तोंड उघडा की साहेब नीट.
बँकेत बोलल्यावानी काय बोललालाव.’